बीजगणित आणि भूमितीचा गृहपाठ पायरी-पायरीने कसा सोडवावा

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या मराठी माध्यमाच्या शाळांत आठवी ते दहावीला शिकणाऱ्या मुलांसाठी आहे, आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ वही घेऊन बसणाऱ्या पालकांसाठीही आहे. घरातल्या आणि गल्लीतल्या मुलांचा गणिताचा अभ्यास मी बरीच वर्षे घेत आले आहे. मुलांची आकडेमोड सहसा बरी असते. गाडी अडते ती प्रश्न वाचून झाल्यावर आणि पहिली ओळ लिहिण्याच्या आधी. त्या मधल्या जागेत नेमके काय करायचे हे कोणी फोड करून सांगत नाही, म्हणून मूल एक तर पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर बघून उलटे चालत येते, नाही तर वर्गात सोडवलेल्या उदाहरणातले आकडे बदलून मोकळे होते. खालच्या पायऱ्यांपैकी बहुतेक याच मधल्या जागेसाठी आहेत.

पुस्तकात चलांसाठी आणि बिंदूंसाठी इंग्रजी अक्षरे असतात. इथे मी क्ष, य आणि अ, ब, क वापरले आहेत; रीत तीच आहे.

1. हाताशी काय हवे

- याच वर्षी शाळेत चालू असलेले मराठी माध्यमाचे पाठ्यपुस्तक
- एक पक्की वही आणि एक कच्ची वही
- कंपासपेटी : मोजपट्टी, कोनमापक, दोन्ही गुण्ये, कंपास आणि कर्कटक
- टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर
- आलेखाचे काही सुटे कागद
- दहावीसाठी मंडळाच्या मागील वर्षांच्या मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिका

कंपास विकत घेताना पेन्सिल धरणारा स्क्रू घट्ट आवळून बघा आणि दुकानातच एक वर्तुळ काढून बघा. स्क्रू सैल असेल तर वर्तुळाची रेषा फिरून मूळ जागी मिळत नाही, रचनेचे उदाहरण चुकते, आणि मूल आपलेच काहीतरी चुकले असे समजून तीच रचना पुन्हा पुन्हा काढत बसते. कॅल्क्युलेटर मात्र टेबलावर नको. परीक्षेत तो मिळणार नाही, आणि 17 चा वर्ग हाताने काढायची सवय गृहपाठातच लागते.

2. पुस्तक कोणते आणि व्हिडिओ कोणते

सीमाभागात हा गोंधळ हमखास होतो. कोल्हापूरकडून आलेली मार्गदर्शके आणि मोबाइलवरचे मराठी व्हिडिओ बहुतेक महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाचे असतात. तिथे दहावीला गणित भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 म्हणजे भूमिती, अशी दोन पुस्तके आणि प्रत्येकी 40 गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. आपल्याकडे कर्नाटकात एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, गणित हा एकच विषय असून 80 गुणांची एकच लेखी प्रश्नपत्रिका आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. प्रकरणांचा क्रम, काही प्रमेयांची नावे आणि उत्तर मांडण्याची पद्धत यांत फरक पडतो. व्हिडिओ अवश्य बघा, त्यातले समजावणे पुष्कळदा सुंदर असते. पण उत्तर लिहिताना आपले पाठ्यपुस्तक उघडे ठेवा आणि त्यातलेच शब्द वापरा.

याच्या जोडीला कच्च्या वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखून संज्ञा मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत लिहीत जा. शिकवणीचे सर 'विस्तीर्ण' म्हणाले की क्षेत्रफळ, 'सुत्तळते' म्हणाले की परिमिती आणि 'ज्या' म्हणाले की जीवा हे मुलाला चटकन कळले पाहिजे. दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान शाखा बहुधा इंग्रजीतूनच शिकावी लागते, तेव्हा मधला रकाना कामाला येतो. नवीन प्रकरण सुरू झाले की पाच-सहा शब्द लिहायचे; त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही.

3. उदाहरण वाचताना पेन्सिल हातात असू द्या

समजा, गृहपाठाला हे उदाहरण आहे.

*एका आयताकृती परड्याची लांबी त्याच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा 3 मीटरने जास्त आहे. परड्याभोवती एकपदरी कुंपण घालण्यासाठी 54 मीटर तार लागते. परड्याची लांबी व रुंदी काढा.*

हे उदाहरण एकदा सरळ वाचावे. दुसऱ्यांदा वाचताना जे दिले आहे त्याखाली एक रेघ आणि जे विचारले आहे त्याखाली दोन रेघा ओढाव्यात. मग पुस्तक मिटून तीच गोष्ट आपल्या शब्दांत कच्च्या वहीत लिहावी : 'लांबी म्हणजे रुंदीची दुप्पट अधिक 3. चारी बाजूंची बेरीज 54. दोन्ही बाजू हव्यात.' हे लिहिता आले नाही तर उदाहरण अजून समजलेले नाही, आणि अशा वेळी पुढे जाण्यात अर्थ नसतो. या उदाहरणात 'परिमिती' हा शब्द कुठेच आलेला नाही हेही इथेच ध्यानात येते. 'भोवती कुंपण' म्हणजे परिमिती, 'फरशी बसवणे' म्हणजे क्षेत्रफळ आणि 'टाकीत पाणी मावणे' म्हणजे घनफळ, ही ओळख प्रश्न वाचतानाच पटली पाहिजे.

4. समीकरणाआधी अंदाजाचा आकडा घाला

या लेखातली एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या. 'रुंदी क्ष मानू' असे लिहिण्याआधी एक सोयीचा आकडा धरून उदाहरण चालवून बघा. रुंदी 10 मीटर धरली तर लांबी 2 × 10 + 3 म्हणजे 23 मीटर. परिमिती 2 × (10 + 23) म्हणजे 66 मीटर. आपल्याला 54 हवी होती, म्हणजे रुंदी 10 पेक्षा कमी आहे.

उत्तर आलेले नाही, पण दोन गोष्टी हाती लागल्या. उत्तर साधारण कुठे असेल हे कळले, आणि आकड्यावर कोणत्या क्रमाने कोणत्या क्रिया करायच्या हेही कळले. आता त्याच ओळी 10 च्या जागी क्ष घालून लिहायच्या.

रुंदी = क्ष मीटर
लांबी = (2क्ष + 3) मीटर
2(क्ष + 2क्ष + 3) = 54
3क्ष + 3 = 27 (दोन्ही बाजूंना 2 ने भागून)
3क्ष = 24
क्ष = 8

रुंदी 8 मीटर, लांबी 19 मीटर. पडताळा : 2 × (8 + 19) = 54.

क्ष ची किंमत 8 आल्यावर पुष्कळ मुले तिथेच थांबतात आणि लांबी लिहायचीच विसरतात. दोन रेघांचा भाग पुन्हा वाचल्याशिवाय उत्तराची ओळ लिहू नये.

अंदाजाचा आकडा शब्दांच्या सापळ्यांतूनही वाचवतो. 'दुपटीपेक्षा 3 ने जास्त' म्हणजे 2क्ष + 3, पण '3 ने वाढवलेल्या संख्येची दुप्पट' म्हणजे 2(क्ष + 3). क्ष च्या जागी 10 घातले की पहिल्याचे 23 होतात आणि दुसऱ्याचे 26, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. 'संख्येतून 5 वजा केले' आणि '5 मधून संख्या वजा केली' यांतही मुले नेहमी गोंधळतात, तिथेही हाच उपाय चालतो.

काही उदाहरणांत एक माहिती लिहिलेली नसते, ती व्यवहारातून घ्यावी लागते. '3 पूर्ण आणि 2 अर्धी तिकिटे मिळून 160 रुपये झाले, तर पूर्ण तिकीट किती?' यात अर्ध्या तिकिटाची किंमत पूर्ण तिकिटाच्या निम्मी असते हे आपणच जाणायचे आहे. दोन अर्धी मिळून एक पूर्ण, म्हणजे 4क्ष = 160 आणि क्ष = 40. (2023 पासून कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीटच पडत नाही, तेव्हा यातले प्रवासी पुरुष आणि मुलगे समजावेत. एका मुलीने हा प्रश्न मला अगदी गंभीरपणे विचारला होता आणि तो रास्तच होता.)

5. दोन अज्ञात असतील तर

*3 वह्या आणि 2 पेन यांना 130 रुपये पडतात. 2 वह्या आणि 5 पेन यांना 105 रुपये पडतात. एका वहीची व एका पेनची किंमत काढा.*

वहीची किंमत क्ष रुपये, पेनची य रुपये.

3क्ष + 2य = 130 ……(1)
2क्ष + 5य = 105 ……(2)

क्ष चा लोप करायचा तर दोन्हीकडे क्ष चे सहगुणक समान हवेत. म्हणून (1) ला 2 ने आणि (2) ला 3 ने गुणावे.

6क्ष + 4य = 260 ……(3)
6क्ष + 15य = 315 ……(4)

(4) मधून (3) वजा केल्यावर 11य = 55, म्हणून य = 5. ही किंमत (1) मध्ये घातल्यावर 3क्ष = 120, म्हणून क्ष = 40.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. समीकरणाला गुणताना उजवी बाजू गुणायची राहते. वजाबाकी करताना खालच्या ओळीतल्या एकाच पदाचे चिन्ह बदलले जाते आणि बाकीची तशीच राहतात. आणि पडताळा ज्या समीकरणात किंमत घातली त्याच समीकरणात घेतला जातो, तो काहीच तपासत नाही. क्ष ची किंमत (1) मधून काढली असेल तर पडताळा (2) मध्ये घ्यावा : 2 × 40 + 5 × 5 = 105.

6. वर्गसमीकरणात उत्तरे दोन येतात

आयताची लांबी रुंदीपेक्षा 5 मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ 84 चौरस मीटर असेल तर क्ष(क्ष + 5) = 84, म्हणजे क्ष² + 5क्ष − 84 = 0. गुणाकार −84 आणि बेरीज 5 येईल अशी जोडी 12 आणि −7 ही आहे, म्हणून (क्ष + 12)(क्ष − 7) = 0. क्ष = −12 किंवा क्ष = 7. रुंदी ऋण नसते, म्हणून क्ष = 7 आणि लांबी 12 मीटर. '−12 का सोडले' हे एका वाक्यात लिहिणे हा उत्तराचाच भाग आहे, तो गाळू नये.

क्ष² = 5क्ष अशा समीकरणात दोन्ही बाजूंना क्ष ने भागण्याचा मोह होतो. तसे केले की क्ष = 5 एवढेच मिळते आणि क्ष = 0 हे दुसरे उत्तर हरवते. सगळी पदे एका बाजूला आणून क्ष(क्ष − 5) = 0 असेच सोडवावे.

विस्तारसूत्राबद्दल शंका आली तर पाठांतरावर विसंबू नका, आकडे घालून बघा. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहिणाऱ्याने अ = 3 आणि ब = 4 घ्यावे. डावीकडे 49 येतात आणि उजवीकडे 25. राहिलेले 24 म्हणजे 2 × 3 × 4, तेच 2अब. कंसाआधी वजा असताना आतली सगळी चिन्हे बदलतात, −(क्ष − 5) म्हणजे −क्ष + 5, हेही असेच तपासता येते.

7. भूमितीत आधी आकृती, आणि ती मोठी

कच्ची आकृती निदान तळहाताएवढी असावी. वहीच्या कोपऱ्यात काढलेल्या अंगठ्याएवढ्या त्रिकोणात कोनांची नावे मावत नाहीत आणि कोणती बाजू कोणत्या बाजूला समान आहे हे दिसत नाही. दिलेली माहिती आकृतीवरच खुणांनी नोंदवावी : समान बाजूंवर समान आडव्या रेघा, समान कोनांत समान कंस, काटकोनात छोटा चौकोन.

प्रश्नात नुसते 'त्रिकोण' असेल तर तिन्ही बाजू असमान काढाव्यात. हाताला समभुज त्रिकोण काढायची सवय असते, आणि मग मध्यगा, शिरोलंब आणि कोनदुभाजक एकाच रेषेवर आलेले दिसून मूल न दिलेली गोष्ट दिलेली समजते. सिद्धतेच्या उदाहरणात कोनमापक लावून 'हा कोन 90 अंश आला' असे लिहिणे ही सिद्धता होत नाही. कोनमापकाचे काम रचनेत आहे.

8. सिद्धता शेवटाकडून शोधा, सुरुवातीकडून लिहा

*त्रिकोण अबक मध्ये अब = अक आणि ड हा बाजू बक चा मध्यबिंदू आहे. अड हा बक ला लंब आहे हे सिद्ध करा.*

पक्ष आणि साध्य लिहून झाल्यावर कच्च्या वहीत साध्यापासून मागे चालत या. लंब दाखवायचे म्हणजे कोन अडब 90 अंशांचा दाखवायचा. कोन अडब आणि कोन अडक रेषीय जोडीत आहेत, दोघांची बेरीज 180 अंश. म्हणजे ते समान आहेत एवढे दाखवले की पुरे. ते समान दाखवायचे तर त्रिकोण अबड आणि त्रिकोण अकड एकरूप दाखवावे लागतील. त्यासाठी हाताशी काय आहे? दोन बाजू दिलेल्या आहेत आणि तिसरी सामाईक आहे. वाट सापडली. आता पक्क्या वहीत सुरुवातीपासून लिहा.

त्रिकोण अबड आणि त्रिकोण अकड यांमध्ये,
अब = अक ……(पक्ष)
बड = कड ……(ड हा मध्यबिंदू)
अड = अड ……(सामाईक बाजू)
∴ त्रिकोण अबड ≅ त्रिकोण अकड ……(बाबाबा, म्हणजे बाजू-बाजू-बाजू कसोटी)
∴ कोन अडब = कोन अडक ……(एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)
कोन अडब + कोन अडक = 180° ……(रेषीय जोडी)
∴ कोन अडब = 90°
∴ अड ⊥ बक

उजवीकडचे कारण ही शोभा नाही, त्यालाही गुण असतात. एखाद्या ओळीचे कारण सुचत नसेल तर ती ओळ बहुधा अजून सिद्ध झालेली नसते.

एकरूपतेच्या कसोट्या बाबाबा, बाकोबा, कोबाको, बाकोको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) आणि कर्णभुजा या आहेत. 'बाबाको' नावाची कसोटी नाही. दोन बाजू आणि त्यांच्यात न सामावलेला कोन दिला तर पुष्कळदा दोन वेगवेगळे त्रिकोण काढता येतात; कंपास घेऊन एकदा काढून बघा, मग पुन्हा कधी चूक होणार नाही. 'कोकोको' समरूपतेला चालते, एकरूपतेला नाही. शिरोबिंदूंचा क्रमही सांभाळा. त्रिकोण अबड ≅ त्रिकोण अडक असे लिहिले की पुढच्या सगळ्या संगत बाजू चुकतात.

वर्तुळाच्या उदाहरणात स्पर्शिका दिसली की स्पर्शबिंदूला केंद्राशी जोडावे, कारण तिथे काटकोन मिळतो. त्रिज्या 5 सेंमी आणि बाहेरचा बिंदू केंद्रापासून 13 सेंमी असेल तर स्पर्शिकाखंडाचा वर्ग 169 − 25 = 144, म्हणून लांबी 12 सेंमी. इथे 13 हा कर्ण आहे. दिसतील ते दोन आकडे वर्ग करून मिळवणे हा पायथागोरसच्या प्रमेयातला नेहमीचा अपघात आहे. काटकोन कुठे आहे ते आधी ठरवा, त्याच्या समोरची बाजू कर्ण.

या प्रमेयाचा व्यत्यास बघायचा असेल तर जवळपास कुठे घराचा पाया आखला जात असेल तिथे मुलाला न्या. गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट अशा खुणा करतो आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट भरते का ते बघतो. भरले की कोपरा गुण्यात आहे. 9 + 16 = 25 म्हणून तो कोन काटकोन, हेच पुस्तकातले विधान तो दोरीने तपासत असतो.

9. एकके

आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर. 66 फूट × 99 फूट मापाचा तुकडा किती गुंठे असे मुलाला विचारा. गुणाकार करून 6534 ला 1089 ने भागले तरी 6 येतील. पण एका बाजूला 33 दोनदा बसतात आणि दुसरीला तीनदा, म्हणून 6, हे ज्याला सुचले त्याला क्षेत्रफळ समजले. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, तेही याच आकृतीत दिसते.

एका उदाहरणात मीटर आणि सेंटिमीटर मिसळलेले असतील तर पहिल्याच ओळीत एक एकक करून घ्यावे. 1 मीटर म्हणजे 100 सेंमी, पण 1 चौरस मीटर म्हणजे 10,000 चौरस सेंमी. उत्तराच्या शेवटी एकक लिहावे आणि क्षेत्रफळाला 'चौरस' विसरू नये.

10. तरीही अडले तर

एका उदाहरणावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. पक्क्या वहीत अर्धे पान कोरे सोडून पुढच्या उदाहरणाला लागा. कच्च्या वहीत मात्र जिथपर्यंत आलात तिथपर्यंतचे सगळे राहू द्या, खोडू नका. दुसऱ्या दिवशी सरांना किंवा बाईंना 'हे येत नाही' असे सांगितले तर ते पूर्ण उदाहरण फळ्यावर सोडवून देतील आणि तुमची अडचण तशीच राहील. त्याऐवजी 'दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे हे कळले, पण तिसरी समान गोष्ट सापडत नाही' असे सांगा आणि ती ओळ दाखवा.

पालकांना स्वतःला उदाहरण येत नसेल तरी चालते. मुलाने लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे 'हे कशावरून?' एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पूर्ण सोडवलेले उत्तर मोबाइलवर शोधून वहीत उतरवून देणे मात्र टाळावे. ते दाखवायचेच असेल तर पहिल्या दोन ओळी दाखवून बाकीचे झाकावे, आणि मुलाचे पूर्ण सोडवून झाल्यावर उरलेले उघडून ओळीला ओळ ताडून बघावे.